तक्क्याचा मान

विनोदी सिनेमे काढायचे असं मी कधी ठरवलं नव्हतं. मला पत्रकं काढायची होती, आणि ती मी काढलीही. कॉलेज सुटल्यापासून पाथर्डीत आमच्या आठ-दहा जणांच्या गटाचं जे काही छापलं गेलं, ते बहुतेक माझ्या हातचं. 'लग्न की लिलाव?' 'मुलीचा बाप म्हणजे गुन्हेगार काय?' मला प्रश्नचिन्हांचा फार सोस. एसटी स्टँडवर उभी राहून मी ती वाटायची. लोक घ्यायचे, घडी घालायचे, खिशात ठेवायचे. मला वाटायचं, घरी जाऊन वाचत असतील.

हा गैरसमज शालनताईंनी काढला. शालनताई आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवतात. एकदा मी त्यांच्या दुकानात टेकले असताना त्यांनी समोरच्या गाड्यावरून भजी मागवली, आणि भजी संपल्यावर कागद माझ्यासमोर सरळ केला. तेलानं पारदर्शक झालेला 'लग्न की लिलाव?'

"वाच," त्या म्हणाल्या. "निदान तू तरी वाच. बाकी कुनी वाचलं न्हाई."

मी चिडले. लोकांना अक्कल नाही, समाज मेलेला आहे, वगैरे सगळं बोलून घेतलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "माझ्या थोरलीच्या लग्नात विहिनीनं काय तमाशा केला हुता, तो नुसता करून दाखव. तू रागवती म्हनून लोक उठून जात्यात. हसवलं तर बसतील."

'विहीणबाई, बसा!' हा आमचा पहिला सिनेमा असा निघाला. विहिणीचं काम शालनताईंनीच केलं. ज्या बाईनं त्यांना रडवलं तिचंच सोंग त्यांनी असं काही वठवलं, की पहिल्या दिवशी आमचा कॅमेरावाला बाजूला जाऊन हसत उभा राहिला.

सिनेमा म्हणते, पण तो तिकिटाचा नव्हे. तासाभराचा, मोबाईलवर बघायचा, आणि गावोगाव जाऊन देवळाच्या भिंतीवर किंवा शाळेत दाखवायचा. कॅमेरा मुनीरभाईंचा. मुनीरभाई लग्नांचे व्हिडिओ काढतात. उभ्या तालुक्यातल्या लग्नांत कोण कुठे रुसलं होतं हे त्यांना तोंडपाठ. लग्नसराई संपली की त्यांचा कॅमेरा मोकळा होतो, म्हणून आमची सिनेमातली लग्नं नेमकी लग्नं नसतात तेव्हा लागतात. लोक विचारतात, भर पावसाळ्यात मांडव कुणाचा?

या धंद्यातल्या काही गोष्टी बाहेरच्यांना माहीत नसतात. होणाऱ्या व्याह्यांचं भांडण लिहायचं तर कुणी काही मागतंय असं दिसता कामा नये. खरी वरमाई कधी मागत नाही. ती म्हणते, "आम्हाला काही नको हो, लोक काय म्हणतील तेवढं बघा." बस्स. मुलीचा बाप त्या 'लोक काय म्हणतील'वर रात्रभर तळमळतो आणि सकाळी स्वतःहून सगळं कबूल करून येतो. हे कळायला मला तीन वेळा संवाद फाडावे लागले. माझी विहीण पहिल्या खर्ड्यात पत्रकासारखी बोलत होती; शालनताई म्हणाल्या, "अशी बाई असती तर मी तिला दारातनंच हाकलली असती. ती गोड बोलती, तिथंच तर मरन हाय."

आणि पंगतीचं शूटिंग. आमच्या पंगतीत बसणारे म्हणजे गावचेच लोक, त्यांचा मोबदला म्हणजे जेवण. पहिल्याच वेळी ते खरंखुरं जेवले. मी "परत एकदा" म्हटलं, तर एका आजोबांनी ढेकर देऊन सांगितलं, "आता उद्या भूक लागली की ये." तेव्हापासून पंगत आम्ही एकदाच घेतो. जे होईल ते होईल.

त्या एकदाच घेतलेल्या पंगतीतच ते घडलं, ज्याबद्दल मी हे लिहायला बसले आहे.

वरमाईला मानानं बसवायचं म्हणून आम्ही गादी घातली, मागे तक्क्या ठेवला. पण मांडव मोकळ्या माळावर, मागे भिंतच नाही. शालनताई टेकल्या की तक्क्या मागे पडायचा आणि त्याच्याबरोबर शालनताईही. दोनदा पडल्यावर मी ओरडले, "अरे, कुणीतरी धरा तो!" मुलीच्या मामाचं काम करणारा गडी जवळ होता, त्यानं मागे उभं राहून वाकून तक्क्या धरला. जेवणं सुरू झाली होती, थांबवणं शक्यच नव्हतं. शालनताईंनी एकदा मान वळवून मामाकडे पाहिलं आणि मनानंच बोलून टाकलं, "आसं उभं राहा. तुमच्या पोरीच्या पाठीशी मामा, मग माझ्या पाठीशी कोन?"

लग्नात मंगलाष्टकांना नवरीच्या मागे तिचा मामा उभा राहतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ते वाक्य असं बसलं की पंगतीतल्या लोकांच्या नाकातून आमटी आली. मुनीरभाईंच्या हातातला कॅमेरा हलला. तुम्ही तो सिनेमा बघाल तर त्या ठिकाणी चित्र थरथरतं.

तर तक्क्याचा मान जन्मला तो असा. मागे भिंत नव्हती म्हणून.

सिनेमा घेऊन आम्ही जिल्हाभर हिंडलो. राजूरला बाजाराच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना पोती बांधून दाखवला. डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या बाया डोक्यावरचं सामान खाली न ठेवता उभ्यानं बघत होत्या. मिरजगावला खेळ संपल्यावर एक म्हातारे तरातरा माझ्याकडे आले.

"ही बाई माझ्या बायकोवरून घेतली. कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही आजोबा."

"मग हिला कसं ठाव, मोडका पापड वाढला म्हनून ती ताटावरनं उठली हुती?"

मागून त्यांची बायको आली. "मोडकाच हुता!" म्हणाली. पन्नास वर्षं झाली असतील त्या पापडाला.

माझ्या पत्रकांनी आयुष्यात असं कुणाला पेटवलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो. लोक मानपानाला हसतायत म्हणजे मानपान मेला.

मग लग्नसराई आली. एका दुपारी मुनीरभाई शालनताईंच्या दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा शिनेमा चालू लागलाय." त्यांनी मोबाईल पुढे केला. कुठल्यातरी खऱ्या लग्नात खरी वरमाई गादीवर बसली होती आणि नवरीचा खरा मामा मागे तक्क्या धरून हसत उभा होता. पोरं शिट्ट्या मारत होती. वरमाई म्हणाली, "माझ्या पाठीशी कोन?" आणि सगळा मांडव उत्तर देत होता, "मामा!"

खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. माझ्या सिनेमातलं वाक्य लोकांच्या तोंडी होतं. शालनताईंनी मात्र व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं, "मामा हसतोय. पन न्हाई हसला तर?"

पुढच्याच महिन्यात त्याचं उत्तर मिळालं. मुनीरभाई आणखी व्हिडिओ आणत गेले, आणि त्यांतले मामा हळूहळू हसायचे बंद झाले. मंडपवाले सोनेरी गोंड्यांचा मखमली तक्क्या भाड्यानं ठेवू लागले. सुपारी फोडून लग्न पक्कं करतानाच लोक बोलून घेऊ लागले, "तक्क्याला सख्खाच मामा पायजे हं, चुलत चालायचा न्हाई." एका ठिकाणी मामा दारू पिऊन आला आणि त्यानं तक्क्या सोडून दिला, त्यावरून वरात थांबली. ज्या गोष्टीची आम्ही टिंगल केली तिची लोकांनी पद्धत केली. मी संतापून एक पत्रक लिहिलं: 'तक्क्या मागणाऱ्यांनो, लाज आहे का?' शालनताई म्हणाल्या, "परस्पर भजीवाल्याकडं देऊन ये. मधी स्टँडवर कशाला जाती?"

म्हणून भाग दोन. लोक मागत होतेच. पण आम्हाला तो काढायचा होता आमचाच तक्क्या मोडायला.

भाग दोनचा मजकूर मी लिहिला आणि मला तो अजूनही आवडतो. पहिल्या भागात ज्या व्याह्यांनी एकमेकांचं तोंड बघणार नाही म्हणून शपथा घेतल्या, त्यांचीच धाकटी पोरं परस्पर लग्न ठरवतात. पण आता उलटं. गेल्या वेळी जी मुलीची आई होती, हात जोडून उभी होती, ती या वेळी वरमाई. आणि जी तक्क्याला टेकली होती, तिच्याच भावाला आता तक्क्या धरायचाय. लोकांना वाटलं ही नवी वरमाई शहाणी असेल. कशाची! ती दुप्पट मागते. "मागच्या वेळी बसायची पद्धत तुमीच शिकवली की विहीनबाई," म्हणते. खुर्ची मिळाली की माणूस कसा टेकतो, एवढंच मला सांगायचं होतं.

हे लिहीत असताना कोमल माझ्याकडे आली. कोमल शालनताईंच्या दुकानात शिलाई शिकायची. तिचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर गेले की उन्हाळ्यात परत. त्यामुळे ती लहानाची मोठी झाली दत्तूमामाकडे. दत्तूमामाही पूर्वी तोडीला जायचे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हे वर्षानुवर्षं. एका हंगामात पाठीतून कळ आली आणि ते फळीवरच बसले. मणका सरकला. तेव्हापासून कमरेला पट्टा. वाकून उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

कोमलचं लग्न ठरलं होतं मिरजगावच्या पुढच्या एका वस्तीवर. मुलगा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता, आणि तिला मनापासून पसंत होता. त्याचा फोन आला की ती बोटात सुई टोचून घ्यायची. त्या दिवशी मात्र ती दारातच उभी राहिली.

"ताई, सासूबाईंनी तक्क्याचा मान मागितलाय."

"मग नाही म्हणून सांगा!"

"मामा हो म्हनला."

मी तशीच दत्तूमामांकडे गेले. ते पलंगावर पालथे पडले होते, मामी कमरेला शेकत होती. मी हक्क, आरोग्य, स्वाभिमान असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐक. एक पंगत उभं राहायचं हाय. मी मोळ्या वाहिल्यात, ह्यो तर कापूस. माझ्या पाठीपायी पोरीचं लग्न मोडायचं न्हाई."

मामी शेकायचं थांबली. "आनि पाठ मोडली म्हंजे?"

"तर तू हायेस की शेकायला."

मामी हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमीच काढलं म्हनं हे. तुमीच मिटवा."

शालनताईंना घेऊन मी मुलाच्या घरी गेले. वरमाई, म्हणजे कौसाबाई, गोठ्यात होत्या. उंच, वाळलेली बाई; हात धुऊन आल्या, चहा टाकला. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. पण त्याआधी मला वाटलं, सरळ सत्य सांगावं, काम होईल.

"मावशी, तक्क्याचा मान ही काही पद्धत नाहीये. ती मी काढली. सिनेमासाठी. ह्या शालनताई त्यात होत्या."

कौसाबाईंनी शालनताईंना निरखलं. "व्हय, ह्या हुत्या. शिनेमात घेतलाय तुमी. पन मान जुनाच हाय."

"जुना कसा असेल? मागे भिंत नव्हती म्हणून आम्ही..."

"माझ्या सासूच्या वेळेला हुता."

"मावशी, शक्यच नाही!"

"तू हुतीस का माझ्या सासूच्या लग्नात?"

शालनताईंना हसू आवरेना. मला रागही आला. स्वतः लिहिलेली गोष्ट, आणि ही बाई मला सांगतेय की ती माझ्या आधीपासून आहे. मी दत्तूमामांच्या पाठीचं सांगितलं. कौसाबाईंनी चहाखालचा जाळ कमी केला, म्हणाल्या, "वाईट वाटतं. पन मामाच लागतो."

"मग गादी भिंतीला लावू या ना. भिंतीला टेका."

"भित्तीला तर मी रोजच टेकते," कौसाबाई म्हणाल्या. "त्याला मान कशाला लागतो?"

तेवढ्यात त्यांची थोरली जाऊ आत आली. अंगावर सोनं, कपाळभर कुंकू. बोलणं तिनं बाहेरून ऐकलं होतंच. ती समजुतीच्या सुरात मला म्हणाली, "आवो, घेऊ द्या की तिला एवढं. हळदीला मी, पाटावर मी, ओटीला मी. थोरल्याच्या लग्नातबी मीच हुते. तिच्या कपाळाला कुकू न्हाई, तर तिला कसं बसवनार? तक्क्याचं तसं न्हाई. त्याला काय शास्तर न्हाई, भटजी न्हाई. म्हनून म्हनलं, तक्क्या तेवढा तू घे."

कौसाबाई चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी तिथे बसल्या बसल्या हिशेब जुळवला. धाकटा मुलगा पाळण्यात असताना नवरा गेला, हे कोमलनं मागे कधीतरी सांगितलं होतं. दोन्ही पोरं हिनं वाढवली. थोरल्याच्या लग्नात ही चुलीपाशी होती आणि पाटावर जाऊ. आता धाकट्याच्या लग्नात पुन्हा तेच. सगळ्या मानांना शास्त्र, आणि प्रत्येक शास्त्रात हिला जागा नाही. एकच मान उरला होता ज्याला शास्त्र नव्हतं, कारण तो मी माळावर, पंगत थांबवता येत नव्हती म्हणून, चुकून जन्माला घातला होता. तो जुना आहे असं ती का म्हणत होती तेही मला तेव्हा कळलं. कालचा मान कोण देतो?

विधवांच्या मानाचं पत्रकही माझं आहे. 'कुंकू पुसलं, माणूसपण का पुसता?' असं. म्हणजे माझीच दोन पत्रकं त्या घरात समोरासमोर उभी होती. एक म्हणत होतं, हिला मान द्या. दुसरं म्हणत होतं, मान मागणाऱ्यांनो, लाज आहे का.

मी अर्थातच भाषण केलं. पण ते कौसाबाईंच्या बाजूचं. म्हटलं, मावशी, तक्क्या सोडा, तुम्ही पाटावर बसा, हळद तुम्ही लावा, मुलगा तुमचा आहे, आम्ही सगळे येऊन उभे राहतो. जाऊबाई तोंड फिरवून गेली. कौसाबाईंनी मला चहाची बशी दिली.

"पोरी, तू बोलून जाशील. मला तिच्या दारातनं पानी आनायचंय. एकच हापसा हाय."

परतीच्या जीपमध्ये मी शालनताईंना म्हटलं, "आता?"

"आता काय? कौसाबाई खरीच हाय. दत्तूची पाठबी खरी." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नको. घेतलंस तरी तिला पाट न्हाई मिळायचा."

मी माझी शेवटची आशा सिनेमावर ठेवली. भाग दोनचा शेवट मी बदलला. नवी वरमाई ऐटीत तक्क्याला टेकते, मामा धरून उभा. मंगलाष्टकं सुरू होतात, ती उठायला बघते. मामा म्हणतो, "मान अर्धा सोडता येत न्हाई विहीनबाई, दोष लागतो." अक्षता पडतात, तिला दिसत नाही. पंगत उठते, वरात निघते, ती तिथेच. शेवटी मांडववाला मांडव सोडतो, गादीसकट तिला टेम्पोत घालतो, आणि मामा टेम्पोतही तक्क्या धरून उभा. मुनीरभाई हे घेताना एवढे हसले की आम्हाला तो टेम्पो तीनदा गावाबाहेर न्यावा लागला.

लग्नाच्या आठवडाभर आधी तो सिनेमा मी मुद्दाम कौसाबाईंच्या वस्तीवर दाखवला. दिवेलागणीला, शाळेच्या भिंतीवर. सगळी वस्ती लोटली होती. मी पडद्याकडे बघितलंच नाही, कौसाबाईंकडे बघत होते. त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. टेम्पोला तर त्यांनी शेजारणीच्या मांडीवर चापट मारली. मला वाटलं, झालं काम.

खेळ संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "लई भारी केलंस," म्हणाल्या. डोळे पुसले. "मामाला म्हनावं, सकाळीच या. तक्क्या मी धुऊन ठिवलाय. मंडपवाल्याचा नको, कुनीबी टेकलेलं असतं."

सिनेमानं समाज बदलतो असं व्यासपीठावर कुणी म्हणालं की मला ही संध्याकाळ आठवते. लोक स्वतःला हसत नाहीत. ते शेजारच्याला हसतात आणि घरी जातात. हे मी कडवटपणे लिहीत नाही, आमच्या धंद्याची ती हद्दच आहे.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. कोमलचे आईबाप होते, पण सगळं बघत होते दत्तूमामाच. मुनीरभाई कॅमेरा घेऊन, ऑर्डरच त्यांची होती. हळदीला जाऊबाई होती, पाटावर जाऊबाई होती. कौसाबाई मागे, खांबाशी, कुणी आहेर मागितला की उठून आत जायच्या. मंगलाष्टकांना दत्तूमामा कोमलच्या मागे उभे राहिले. नव्या सदऱ्याखालून पट्ट्याची कड दिसत होती. कोमल मध्येच मागे वळून बघायची आणि भटजी "पुढे बघा" म्हणायचे.

अक्षता पडल्या आणि पंगत मांडली. पहिल्या रांगेच्या टोकाला कौसाबाईंनी स्वतः गादी घातली. घरचा, पांढऱ्या खोळीचा तक्क्या. मांडव मोकळाच, मागे भिंत नव्हती. त्या येऊन बसल्या, मांडी घालून, नवी साडी सावरून. चार बायका कुजबुजल्या. जाऊबाई वाढप्यांना उगाच ओरडू लागली. दत्तूमामा आले, वाकले, तक्क्या धरला. मामीनं तोंड फिरवलं. मी कडेला उभी होते, आणि मला दोघांचाही राग येत होता, आणि दोघांचीही बाजू घ्यावीशी वाटत होती, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. मला हे नवीन होतं.

"टेका मावशी," मुनीरभाई कॅमेऱ्यामागून म्हणाले. "फोटो घेतो."

"घे असाच."

"टेकल्याशिवाय कळनार न्हाई, मान हाय म्हनून."

"घे म्हनते ना."

मुनीरभाईंनी घेतला. मग कॅमेरा खाली करून त्यांनी मला खुणेनं बोलावलं. मी त्यांच्या बाजूला गेले तेव्हा दिसलं. समोरून बघणाऱ्या पंगतीला कळत नव्हतं, बाजूनं कळत होतं. कौसाबाईंची पाठ आणि तक्क्या यांच्यामध्ये चार बोटं जागा होती.

वरण आलं, भात आला, बुंदी आली. त्या ताठ बसून जेवत होत्या, गोठ्यात धारेला बसावं तशा. दत्तूमामांनाही कळलं असावं. वाकलेले ते हळूहळू सरळ झाले, हातात नुसता तक्क्या. मग खाली मान घालून पुटपुटले,

"विहीनबाई, टेका की. मानसं बघत्यात."

कौसाबाईंनी पुढ्यातला घास मोडला. मागे न बघता म्हणाल्या, "बघू द्या. मी बसलेली दिसते न्हवं समद्यांना? मग झालं."

जाऊबाई लाडू घेऊन आली होती. तिनं ताटात दोन वाढले आणि पुढे गेली. कोमल नवऱ्याशेजारी बसून इकडेच बघत होती.

तक्क्या गेला पाहिजे, हे मी आजही म्हणते. ज्यांना सगळे पाट मिळाले आहेत त्यांच्या पाठीमागचा तर आधी. पण कौसाबाईंचा काढायला मी जाणार नाही. आधी कुणीतरी त्यांना पाट द्या. त्याचं पत्रक मी लिहायला घेतलं होतं, दोनदा फाडलं. त्यात ती चार बोटं कुठे बसवायची ते मला जमलेलं नाही.

पंगत चांगली लांबली. आग्रह झाला, हसणं झालं, पोरांनी ओरडून विचारलंही, "पाठीशी कोन?" "मामा!" म्हणून मांडव गरजला. कौसाबाई सावकाश जेवल्या, शेवटचा ताकाचा घोट घेईपर्यंत. तोवर दत्तूमामा तक्क्या धरून उभे होते, आणि त्या तक्क्यावर कुणीच टेकलेलं नव्हतं.